हिरवट पाठीचे पत्ते

सोमवार, ३ मार्च

साहेबांनी आज पुन्हा अंगठा चाटला. नव्या संचाची पहिली खोकी नव्या छापखान्यातून आली, आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो, आणि साहेबांनी पाकीट फोडून, अंगठा जिभेला लावून एकेक पत्ता सरकवत दाखवायला सुरुवात केली. मग तो गठ्ठा माझ्या हातात दिला. ओला. सोळा वर्षं मी इथे आहे आणि सोळा वर्षं तो गठ्ठा कडेला धरून खाली ठेवते आणि साबणाने हात धुऊन येते.

मी ह्या कंपनीत नियम लिहिते. आम्ही पत्त्यांचा खेळ काढतो, पण तो नेहमीचा बावन्न पत्त्यांचा नव्हे. दर तीन महिन्यांनी नवा संच येतो. लोक बंद पाकिटं विकत घेतात, पत्ते जमवतात, आपापसात बदलतात, आणि जमलेल्यांतून साठ पत्त्यांचा स्वतःचा कॅट बांधून समोरच्याशी खेळतात. कुठला पत्ता चालेल, कुठल्यावर बंदी, भांडण झालं तर कोण बरोबर, हे मी ठरवते. खेळाडू मला नियमताई म्हणतात. हे डायरीत लिहायची खरं तर गरज नाही, मी कोण ते मला माहीत आहे. पण हल्ली लिहून बघितलं की जरा बरं वाटतं.

एक पाकीट बाबांसाठी घरी आणलं. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हा व्यायामवाल्या बाईंनी पत्ते पिसायला सांगितले. मी ऑफिसातले आणून दिले. हात अर्धाच सुधारला, नाद मात्र पुरता लागला. आता दर रविवारी चौकातल्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन आपल्या निम्म्या वयाच्या लोकांशी खेळतात. कॅटमध्ये चार ‘जुना पहारेकरी’ ठेवतात. अगदी मामुली पत्ता, कुणी फुकट दिला तर घेत नाही. तिथे त्यांना सगळे पहारेकरी काका म्हणतात.

नवे दहा पत्ते त्यांनी आपल्या जुन्या कॅटमध्ये मिसळले, टेबलावर पालथे पसरले, आणि चष्मा न लावता दहाच्या दहा नवे उचलून बाजूला ठेवले.

‘‘निळ्यात लाल कमी पडलंय,’’ म्हणाले. ‘‘हिरवट मारतंय. मशीनवाला झोपला होता काय?’’

मी जुना आणि नवा शेजारी धरून खिडकीशी गेले. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य होतं. सगळ्या पत्त्यांच्या पाठी सारख्या असणं हाच आमच्या खेळाचा पाया आहे. कॅट पालथा असतो, वर काय आहे कुणालाच कळत नाही, म्हणून तर खेळ. आता जुने-नवे मिसळून खेळणाऱ्या प्रत्येकाला पुढचा पत्ता नवा की जुना हे उचलायच्या आधीच कळणार. म्हणजे खेळ संपला.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांना सांगितलं. विक्रीवाली तिथेच होती, ती हल्ली त्यांच्या केबिनमध्येच असते.

‘‘किती जणांना दिसेल हे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘माझ्या वडिलांना चष्म्याशिवाय दिसलं.’’

‘‘ते जाणकार आहेत हो. साधारण माणसाला?’’

‘‘एकाने दाखवलं की सगळ्यांना.’’

विक्रीवाली म्हणाली, ‘‘खोकी निघालीत मॅडम. परत बोलवायची म्हणजे आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं.’’

साहेबांनी थोडा विचार केला. विचार करताना ते कानात पेनाचं टोपण फिरवतात आणि मग ते टोपण बघतात. ‘‘असं करा,’’ म्हणाले, ‘‘ह्यावर एक छानसा नियम करून टाका.’’

छानसा. हा शब्द दिवसभर दातात अडकल्यासारखा झाला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी पहिला मसुदा नेला. ‘नव्या संचाच्या छपाईत आमच्याकडून चूक झाली आहे.’ साहेबांनी ‘आमच्याकडून’ खोडलं. विक्रीवालीने ‘चूक’ खोडलं. मग ‘छपाईत’ कशाला, असं दोघांनाही एकदमच वाटलं. शेवटी वाक्यात ‘नव्या संचाच्या’ आणि ‘झाली आहे’ एवढंच शिल्लक राहिलं आणि ते दोघं समाधानाने माझ्याकडे बघत बसले.

मग विक्रीवालीला गोदाम आठवलं. गेल्या वर्षी कंपनीने पत्त्यांसाठी काळ्या पाठीची प्लास्टिकची कव्हरं काढली होती. पत्ता आत सरकवायचा म्हणजे खराब होत नाही. त्यांना रबरी चपलेचा वास येतो म्हणून कुणी घेतली नाहीत, सगळी पडून आहेत. कव्हरात घातला की पत्त्याची पाठ दिसत नाही. झालं. यापुढे प्रत्येक स्पर्धेत प्रत्येक पत्ता कंपनीच्याच कव्हरात. स्वतःच्या घाणीवर झाकण घालायचं आणि वर ते झाकण लोकांनाच विकायचं.

पण करायचंच आहे तर नीट करावं. नियमाला दात नसले तर कुणी पाळत नाही, हे मीच म्हटलं. शिक्षा मीच सुचवली आणि दुपारी पत्रकासाठी वाक्य लिहिलं: ‘ज्याचे पत्ते पाठीवरून ओळखू येतील, त्याने ते ओळखण्यासाठीच तसे ठेवले आहेत असे मानले जाईल.’ एक वर्ष बंदी, आणि फसवणूक करणाऱ्यांच्या यादीत नाव. यादी आमच्या संकेतस्थळावर, सगळ्यांना दिसेल अशी.

बाकी सगळा प्रकार शिसारी आणणारा आहे. पण वाक्य चांगलं झालंय. एकही पळवाट नाही.

रविवार, ९ मार्च

बाबांसाठी कव्हरं आणली. त्यांनी नाक मुरडलं, तरी साठ पत्ते निमूट एकेक करून आत घातले. तासभर लागला. मग पिसायला घेतले आणि सगळा कॅट हातातून निसटून जमिनीवर पसरला. कागद त्यांच्या बोटांना कळतो, प्लास्टिक कळत नाही. परत घेतले, परत पडले. मी उचलायला वाकले तर म्हणाले, ‘‘राहू दे, मी उचलतो.’’

उचलता उचलता त्यांनी विचारलं, ‘‘त्या पत्रकात लिहिलंय का, की छापताना चुकलंय?’’

‘‘त्याची गरज पडली नाही.’’

‘‘बरं.’’ दोन-तीन पत्ते गोळा केले. ‘‘आमच्याकडे गठ्ठा बिघडला की त्यावर लाल खडूने फुली मारायचो. आणि फुलीखाली नाव.’’

‘‘ज्याने बिघडवला त्याचं?’’

‘‘छे. बिघडवतं मशीन, नाहीतर शाई, नाहीतर हवा. ज्याच्या नजरेला पडलं त्याचं नाव. म्हणजे हा गठ्ठा माझ्यापुढे जाणार नाही, असं. फुली न मारता पुढे गेला आणि नंतर कळलं, तर तोच माणूस चुकला.’’

बाबांना छापखान्याचं काही ना काही रोजच आठवतं. त्यांच्या वेळी खोक्यामागे विक्रीवाली नसायची, हे मी बोलले नाही.

रविवार, १६ मार्च

पहिल्याच रविवारी चार नावं आली. एक आपल्या चौकातल्याच दुकानातून: ती सिस्टर, रुग्णालयातून रात्रपाळी संपवून तशीच पांढऱ्या कपड्यांत खेळायला येते ती. तिला पत्रकच माहीत नव्हतं. पंचांनी पत्ते पालथे पसरून पाहिले, नियम वाचला, आणि नाव लिहून घेतलं. पंच म्हणजे तिथला दातांचा डॉक्टर, आठवडाभर दात काढतो आणि रविवारी फुकटात पंचगिरी करतो. बाबा सांगत होते, लिहिताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

‘‘रडली का?’’ मी विचारलं.

‘‘रडली नाही. सगळ्यांना म्हणत होती, मी बघितलं नाही हो पाठीकडे, मी कशाला बघू. मग तिच्या शेजारचा उठून दुसऱ्या टेबलावर गेला.’’

मला वाईट वाटलं, पण चीडही आली. नियम सगळीकडे लावला होता. हल्ली कुणी काही वाचतच नाही. आंधळेपणाने खेळायचं आणि मग तोंड वर करून विचारायचं, मला का.

बाबांनी जेवताना दोनदा विचारलं, यादी कोण लावतं. मी दोनदा सांगितलं, मी. त्यांना विसर पडायला लागलाय की काय.

गुरुवार, २० मार्च

सात अर्ज आले, शिक्षा माफ करा म्हणून. लोक काय काय लिहितात! एकाने बायकोचं प्रमाणपत्र जोडलंय की हा घरी पत्त्यांत कायम हरतो, ह्याला पाठीवरून काही कळत नाही. सिस्टरने चार ओळी लिहिल्या आहेत, त्यातल्या दोन कापऱ्या अक्षरात. गठ्ठा दमट होऊन चिकटला होता, अंगठा ओला करून पानं सुटी केली आणि एकेकाला उत्तर टाकलं: ‘आपल्या भावनांचा आदर आहे. नियम सर्वांसाठी समान असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ हेही वाक्य माझंच, जुनं आहे.

साहेब जाता जाता म्हणाले, कव्हरं संपत आली, वा मॅडम. आणि पाठीवर थाप मारली. घरी येऊन तो सदरा धुवायला टाकला.

शनिवार, २२ मार्च

बाबांनी उद्यासाठी पांढरा सदरा इस्त्री करून मागितला. कुठे लग्नाला निघालाय का, म्हटलं, तर हसले. मग विचारलं, ‘‘उद्या पंच डॉक्टरच आहे ना? शिकाऊ कुणी नाही ना?’’

‘‘डॉक्टरच आहे. का?’’

‘‘बरा माणूस आहे. नियम पूर्ण वाचतो.’’

रविवार, २३ मार्च

दुपारी मी बाहेर असताना डॉक्टरचा फोन. आवाज अगदी पडलेला. ‘‘ताई, कसं सांगू. काका कव्हरांशिवाय बसलेत. जुने-नवे मिसळून. मी म्हटलं, काका, दुकानातून कव्हरं देतो, घाला. तर म्हणतात, नको, तू नियम वाच. मी म्हटलं, घरी जा, मी बघितलंच नाही असं समजतो. तर म्हणतात, बघितलंस तर लिही.’’

‘‘मग?’’

‘‘मग लिहिलं. त्यांनीच कागद धरला, टेबल हलत होतं म्हणून.’’

घरी येऊन बघते तर कव्हरांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर, अगदी मधोमध. विसरून गेले. आणि तिथे चारचौघांत विसरलो म्हणायची लाज वाटली असणार, म्हणून हट्ट. म्हातारपण ही फार वाईट गोष्ट आहे. गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली, दातांच्या नव्हे, मेंदूच्या.

सोमवार, २४ मार्च

यादीत बाबांचं नाव मलाच घालायचं होतं. अकरा आधीची, हे बारावं. टंकायला बसले. ज्या माणसाने हा दोष पहिल्यांदा पकडला, त्याला फसवणूक करणारा म्हणून जाहीर करायचं. आणि सगळा नियम माझ्या अक्षरात.

साहेबांना कुठून तरी कळलंच. आत बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली. ‘‘अहो, वडील आहेत तुमचे. नाव गाळून टाका. कोण विचारतंय? घरच्या माणसासाठी एवढं नाही करायचं तर मग आपण इथे कशाला बसलोय?’’

इतक्या मायेने ते सोळा वर्षांत माझ्याशी बोललेले नाहीत. अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं.

नाव गाळलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं की काळजी करू नका, तुमचं नाव नाही लागलं. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, ते मागे टेकले.

‘‘सिस्टरचं?’’

‘‘ते आधीच लागलंय.’’

‘‘आणि बाकीच्यांचं?’’

‘‘बाबा, ते माझ्या हातात नाही.’’

‘‘माझं कुणाच्या हातात होतं?’’

मी पानं घेतली. ते जेवले नाहीत. म्हणाले भूक नाही, आणि खोलीत जाऊन टेबलाचा कप्पा बराच वेळ उघडझाप करत होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्यांच्यासाठी शेण खाल्लं मी आज, आणि वर मलाच हिशेब विचारतात.

गुरुवार, २७ मार्च

डॉक्टरांनी तासभर तपासलं. आजची तारीख, उलटे आकडे, सगळं विचारलं. अकरा जणांची नावं बाबांनी यादीच्या क्रमाने म्हणून दाखवली, वर छापखान्यातल्या तिन्ही मशीनांचे क्रमांक. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘ह्यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे.’’

मग कव्हरं कशी विसरले, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. बाबा जिना उतरताना गालात हसत होते.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळच्या टपालात आणखी अर्ज. वरचा लिफाफा जाड. कागद आत चिकटून बसले होते, म्हणून अंगठा तोंडाकडे नेला. जिभेला लागला, शाईची कडू चव आली, आणि मी जिथल्या तिथे थांबले. समोरच्या काचेत दिसत होतं: अंगठा तोंडात धरलेली बाई. कधीपासून करतेय मी हे? रुमालाने अंगठा पुसला, पुसतच राहिले.

मग लिफाफा कात्रीने कापला.

अर्ज बाबांचा. आपलाच छापील नमुना, दुकानातून आणलेला. हल्ली ते डाव्या हाताने लिहितात. हे मात्र उजव्याने लिहिलेलं होतं, ओळी खाली घसरलेल्या, एकेक अक्षर कोरल्यासारखं. किती दिवस बसले असतील.

‘माझे पत्ते पाठीवरून ओळखू येत होते. पहिल्या दिवशीच मला ते ओळखू आले आणि मी ते माझ्या मुलीला सांगितले. नियमाप्रमाणे मी यादीत बसतो. तरी माझे नाव घालण्यात आलेले नाही. ते घालावे. नाहीतर बाकीची अकराही काढावीत.’

सोबत माझं पत्रक जोडलं होतं, घडी घातलेलं. उलगडलं. माझ्या त्या चांगल्या वाक्यावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल खडूची फुली. कप्प्यात अजून खडू ठेवलाय त्यांनी. फुलीखाली त्यांची सही. आणि त्या सहीच्या बाजूला, एका सहीपुरती, खडूने आखलेली कोरी रेघ.

पलीकडे साहेब आणि विक्रीवाली कशावर तरी हसत होते. सिस्टर म्हणाली होती, मी कशाला बघू पाठीकडे. तिने खरंच बघितलं नव्हतं. बघितलं होतं मी. तीन मार्चला, खिडकीशी उभं राहून, दोन्ही पत्ते हातात धरून.

आधी त्या कोऱ्या रेघेवर सही केली. मग यादी उघडली. बारावं नाव बाबांचं घातलं. कारणाच्या रकान्यात सगळ्यांसमोर एकच मजकूर असतो, ‘ओळखू येणारे पत्ते’, तोच घातला.

मग एक ओळ वाढवली. तेरावं नाव माझं. कारण: ‘छापताना चूक आमच्याकडून झाली. ३ मार्चला दिसली. गठ्ठा पुढे जाऊ दिला.’

यादी लावली. साहेब केबिनमधून हाका मारतायत. मी आधी हात धुऊन येते.